प्रवासांत सायकल कशी राखावी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा, परंतु चार दिवस पुरलेला वाद झाला. माझ्या पुतण्याची कन्या, म्हणजे माझी नात, पुण्याहून नागपुरास शिकावयास निघाली होती. सामानाची यादी झाली, फराळाचे डबे भरले गेले, आणि सर्व सुरळीत चाललें असतां तिनें शांतपणें सांगितलें, "आजोबा, मी माझी सायकल बरोबर नेणार." माझे थोरले बंधु हंसले. "नागपुरास सायकली मिळत नाहींत काय?" असा त्यांचा प्रश्न. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, भाडें आणि हमाली ह्यांची बेरीज केली तर तेवढ्यांत तेथें एखादी जुनी सायकल पदरीं पडेल. पुतण्यास निराळीच काळजी: आगगाडींतून ती चोरीस गेली तर विचारावें कोणास? नातीचें उत्तर एकच होतें. दोन वर्षें लहान मुलांच्या शिकवण्या करून तिनें ती सायकल स्वतःच्या पैशांनीं घेतली आहे. तिची जागा दुसरी सायकल घेणार नाहीं. घरच्या रीतीप्रमाणें निकाल माझ्यावर सोंपविण्यांत आला. मास्तरकी सुटली तरी पंचाईत सुटत नाहीं.

मीं निकाल नातीच्या बाजूनें दिला. मात्र सायकल न्यावयाची ती मी सांगेन त्या रीतीनें, ही अट घातली. ह्या विषयांत मीं एकदां फार महागाची शिकवणी घेतलेली आहे, आणि ती कोणा परक्याच्या नव्हे, वडिलांच्या पैशांनीं. ती हकीकत प्रथम सांगतों.

सन १९८० मध्यें सातारा जिल्ह्यांतील एका गांवच्या शाळेंत मला संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली. मॅट्रिकनंतर पाठशाळेंत काव्य-व्याकरण केलेल्या मुलास नोकरी लागणें ही त्या वेळींहि लहान गोष्ट नव्हती. राहण्याचें ठिकाण व शाळा ह्यांत पांच मैलांचें अंतर. वडिलांनीं आपली सायकल मला देऊन टाकली. काळी, उंच सांगाड्याची, १९५२ सालीं घेतलेली. दर रविवारीं सकाळीं ती ओसरीवर उलटी करून तिला तेल पाजावयाचें हा त्यांचा नेम; त्या कामांत आम्हां भावंडांस चिंधी धरण्यापलीकडे अधिकार नसे. निघतांना त्यांनीं दोन गोष्टी बजावल्या: सायकल टपावर घालशील तेव्हां तिचें सामानाचें तिकीट घे, आणि गाडी थांबेल तेथें तूं खालीं उतर. तिकिटासाठीं त्यांनीं वेगळे पैसे मोजून दिले होते.

गाडी कोणाची होती हें सांगण्याचें कारण नाहीं, कारण दोष गाडीवाल्यांचा नव्हता. टपावर चढून सायकल मींच बांधली. वर काय आहे तें कोण पाहतो, असें मनाशीं म्हणून तिकिटाचे पैसे मीं खिशांतच ठेविले. मागच्या चाकाचें गोल कुलूप लावलेलें, किल्ली जानव्यास बांधलेली. मी निश्चिंत झालों. वाटेंत एका गांवीं गाडी वीस मिनिटें थांबली. लोक चढले, उतरले, टपावरून टोपल्या व वळकट्या खालीं आल्या. मी खिडकीशीं रघुवंशाचें पुस्तक उघडून बसलों होतों. मुक्कामास पोंचल्यावर शिडीनें वर चढून पाहतों तों सुतळीचा तुकडा तेवढा कठड्यास होता. तो कापलेला नव्हता, सावकाश सोडलेला होता.

दुसऱ्या दिवशीं वडील आले. त्यांच्या जवळच्या वहींत सायकलीचा नंबर होता. आम्ही त्या गाडीच्या कचेरींत गेलों. तेथील कारकुनानें सर्व ऐकून घेतलें आणि सभ्यपणें विचारलें, "सामानाचें तिकीट?" मीं सांगितलें, "हरवलें." वडिलांनीं माझ्याकडे एकदां पाहिलें आणि वही मिटली. सायकल देऊन ते आधींच पायीं झाले होते; त्या दिवसापासून मीहि झालों.

पुढें मीं ह्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. कुलूप तर शाबूत होतें, किल्ली माझ्या अंगावर होती. मग सायकल गेली कशी? उत्तर सोपें आहे, पण सोपीं उत्तरेंच उशिरां सुचतात. चाकाचें कुलूप चाक फिरूं देत नाहीं, एवढेंच त्याचें काम. त्यामुळें चोरास सायकलीवर बसून पळतां येत नाहीं. परंतु टपावर किंवा मालडब्यांत गेलेली सायकल ही सायकल राहतच नाहीं. ती बोजा होते. बोजा कोणी चालवीत नेत नाहीं, उचलून नेतो. कुलूप लावलेली सायकल खांद्यावर घेऊन भर रस्त्यानें जाणाऱ्यास चार जण हटकतील. स्टेशनावर त्यालाच लोक बाजूस सरून वाट देतील! म्हणून प्रवासांत कुलपाचा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न असा कीं, ह्या घटकेस ही वस्तु कोणाच्या ताब्यांत आहे? माझ्या असेल तर माझी नजर तिच्यावर आहे काय? दुसऱ्याच्या असेल तर त्यानें तसें लिहून दिलें आहे काय? ह्या दोहोंपैकीं एकहि नसेल त्या घटकेंतच चोरी होते. माझ्या बाबतींत ती घटका वीस मिनिटांची होती.

आपल्या शास्त्रकारांनीं ही गोष्ट क्षुल्लक मानलेली नाहीं. मनुस्मृतींत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरेंच पद निक्षेपाचें, म्हणजे विश्वासानें दुसऱ्यापाशीं ठेवलेल्या वस्तूचें, आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकाचा पेंच तरी दुसरा कोणता? देवलांनीं तें नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यापासून त्यांतील कथा घरोघरीं ठाऊक आहे. वसंतसेना आपले दागिने चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते, आणि तिसऱ्या अंकांत शर्विलक भिंत फोडून ते नेतो. भोंक मोजण्याची दोरी तो घरीं विसरलेला असतो, म्हणून गळ्यांतील जानव्यानेंच माप घेतो. हा भाग वर्गांत आला कीं मुलें हंसत. मला मात्र किल्ली बांधलेलें माझें जानवें आठवे. चोरी कळल्यावर चारुदत्ताच्या मनास लागतें तें दागिने गेल्याचें नव्हे. आपण दरिद्री, ठेव चोरीस गेली हें लोकांना खरें वाटणार नाहीं, ह्याचें त्याला दुःख होतें. पावतीचें महत्त्व ह्याहून चांगलें कोणत्या वकिलानें सांगितलें आहे?

आतां आगगाडीकडे वळूं. सायकल आगगाडीनें नेण्याचे मार्ग दोन: आपल्या प्रवासाच्या तिकिटावर लगेज म्हणून, किंवा केवळ माल म्हणून पार्सलानें. लगेज आपल्याच गाडीला जोडलेल्या मालाच्या खणांतून न्यावयाचें असतें. पार्सल मागच्या-पुढच्या गाडीनें जाऊं शकतें, आणि तोंपर्यंत फलाटावर उभें राहतें. शक्य असेल तर पहिलाच मार्ग धरावा. सन १९८९ च्या रेल्वे कायद्याचें १०० वें कलम प्रत्येक प्रवाशानें एकदां वाचावें असें आहे. त्याचा आशय असा कीं, रेल्वेच्या नोकरानें सामान नोंदवून घेऊन पावती दिली असल्याशिवाय तें हरवल्यास रेल्वे जबाबदार नाहीं. आणि प्रवाशानें आपल्याजवळ ठेवलेल्या सामानाबद्दल रेल्वेचा अथवा तिच्या नोकरांचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावें लागतें. म्हणजे पावती घेतली कीं पारडें एकीकडे झुकतें, न घेतली तर दुसरीकडे. नोंदणी करतांना वस्तूची किंमत जाहीर करण्याचीहि सोय आहे. ती न केल्यास भरपाई वजनाच्या मानानें ठरलेल्या मर्यादेपुढें जात नाहीं. महागाची सायकल असेल तर किंमत लिहून वरचा आकार भरावा, तेथें काटकसर करूं नये. काटकसर कोठें करूं नये हें मी अनुभवानें सांगतों.

नातीस मीं ज्या सूचना दिल्या त्या अशा. पहिली, गाडी अशी निवडावी कीं जी आपल्या स्टेशनांतून सुटते आणि आपल्या मुक्कामींच संपते. मधल्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटें उभी राहते. तेवढ्यांत आपली सायकल चढली नाहीं तर ती मागें राहते, आणि उतरली नाहीं तर पुढें जाते. दोन्ही प्रसंगीं ती कांहीं काळ कोणाचीच नसते. दुसरी, गाडीच्या वेळेआधीं निदान दोन तास लगेजच्या कचेरींत हजर व्हावें, आणि नोंदणीनंतर सायकल फलाटावर सोडून फराळास जाऊं नये. मालाच्या खणाचें दार तिच्यावर लागलेलें स्वतः पाहावें. तो खण पुढें आहे कीं मागें हें लक्षांत ठेवावें, म्हणजे उतरल्यावर उलट्या दिशेस धांवावें लागत नाहीं. तिसरी, सायकल गोणपाटांत नीट शिवून घ्यावी आणि तिच्यावर नांव, कोठून, कोठें व पावतीचा क्रमांक दोन ठिकाणीं ठळक लिहावा. एक चिठ्ठी आंत सांगाड्यासहि बांधावी, कारण वरची चिठ्ठी फाटते.

गोणपाटाचा लोकांस कंटाळा असतो. पण चकचकीत उघडी सायकल आपली किंमत स्वतःच पुकारीत असते. गोणपाटांतली काय आहे आणि केवढ्याची आहे हें उघडल्याशिवाय समजत नाहीं. शिवाय गुंडाळण्यापूर्वीं तिला अपुरी करावी. पुढचें चाक काढून सांगाड्याशीं बांधावें, पायडलें काढावींत, हँडल आडवें फिरवावें. सीट मात्र काढून आपल्या पिशवींतच ठेवावी. पंप, दिवा, घंटा, हत्यारांची थैली ह्या सुट्या वस्तु सायकलीवर कधींहि राहूं देऊं नयेत. बिनसीटाची, बिनपायडलांची सायकल चोरानें नेली तरी त्याला ती हाकतां येत नाहीं, आणि विकावयास नेली तर दुकानदारालाहि शंका येते. चोर हा बहुधा आळशी प्राणी असतो. शर्विलकासारखे शास्त्र शिकलेले थोडेच!

घडीची सायकल असेल तर ती पिशवींत घालून आपल्या डब्यांत नेण्याकडे लोकांचा ओढा असतो. डब्यांत नेण्याच्या पेट्यांना १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद व २५ उंच अशी मापाची मर्यादा आहे. पुष्कळ घडीच्या सायकली लांबी-रुंदींत बसतात आणि जाडींत किंचित् अधिक भरतात. तेव्हां आधीं घरीं पट्टीनें मापून पाहावें. खालच्या बाकाखालीं तारेचीं कडीं असतात. तीं पुष्कळांच्या दृष्टीस पडत नाहींत, परंतु फलाटावर साखळी-कुलपें विकणारा मनुष्य तीं चांगलीं ओळखून असतो. साखळी कड्यांतून काढून सायकलीच्या सांगाड्यांतून ओवावी. पिशवीच्या बंदांतून ओवूं नये, कारण बंद सुरीनें कापला जातो.

मेट्रोची गोष्ट थोडी वेगळी, कारण तेथें सायकल आपल्याच ताब्यांत राहते. मुंबईंत दहिसर-अंधेरी बाजूच्या २-अ व ७ ह्या मार्गांचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्यें सुरू झाला, तेव्हांपासून त्या गाड्यांत सायकल नेऊं देतात. नागपुरासहि मेट्रोंत सायकल चालते, हें कळल्यावर आमच्या नातीचा निश्चय अधिकच दृढ झाला. येथें चोरीची घटका एकच, दारें मिटण्याची. गाडी थांबते, मनुष्य सायकल घेऊन सहज उतरतो, दारें मिटतात, आणि आपण कांचेंतून त्याची पाठ पाहत राहतों. म्हणून सायकल दाराशीं टेकवून आपण दूर बसूं नये. हात तिच्यावर ठेवून उभें राहावें. बसणेंच झालें तर एक पट्टा तिच्या चाकांतून व दांड्यांतून घालून बसावें. पट्टा चटकन् सुटणारा असावा. संकटांत लोकांना वाट मोकळी करून देण्याची पाळी आली तर किल्ली शोधीत बसणें बरें नव्हे.

माझा भाचा अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीस आहे आणि तेथील कॅल्ट्रेन नांवाच्या आगगाडीनें सायकल घेऊन कामास जातो. त्या गाड्यांत सायकलींसाठीं स्वतंत्र डबे असतात. सायकली एकीपुढें एक उभ्या करून ताणाच्या दोरीनें बांधावयाच्या, आणि प्रत्येकीवर उतरण्याच्या स्टेशनाचें नांव लिहिलेली चिठ्ठी लावावयाची. लवकर उतरणाऱ्याची सायकल मागें अडकूं नये म्हणून ही युक्ति. परंतु भाचा लिहितो कीं, तेथील सायकलस्वारांचा वर्षानुवर्षें चाललेला तगादा निराळाच होता: बसण्याच्या जागा सायकली दिसतील अशा द्या! सधन देश, उत्तम गाड्या, आणि मागणें काय, तर नजर पोंचावी एवढें. आमचे वडील १९८० मध्यें "गाडी थांबेल तेथें तूं खालीं उतर" म्हणाले होते तें ह्याहून वेगळें नव्हतें.

मोटारगाडीच्या प्रवासाबद्दल थोडक्यांत. आतांच्या पुष्कळ गाड्यांच्या टपावर कठडाच नसतो. सायकल मागच्या किंवा बाजूच्या सामानाच्या कप्प्यांत जाते. कप्पा ज्या बाजूस असेल त्या बाजूची खिडकी धरावी, सामानाचें तिकीट मागून घ्यावें, आणि प्रत्येक थांब्यावर, मध्यरात्र असली तरी, उतरून कप्प्यापाशीं उभें राहावें. सायकल स्टेशनावरील राखणीच्या जागेंत ठेवून जाणारांनींहि चिठ्ठी घेतल्याशिवाय हलूं नये. सन १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें दुसऱ्याची वस्तु संभाळावयास घेणारानें सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशा वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावयाची असते. पण वस्तु त्यानें घेतली होती हें दाखविणारी चिठ्ठी आपल्यापाशीं हवी.

एवढें करूनहि सायकल गेलीच, तर रडत बसण्यांत पहिला तास घालवूं नये. आगगाडींत किंवा स्टेशनावर चोरी झाल्यास १३९ ह्या क्रमांकावर कळवावें व लोहमार्ग पोलिसांकडे फिर्याद द्यावी. गुन्हा कोणाच्या हद्दींत घडला हा वाद आपला नव्हे. नव्या कायद्याप्रमाणें कोणत्याहि ठाण्यांत फिर्याद नोंदवितां येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या ३०५ व्या कलमांत, प्रवासी किंवा माल नेणाऱ्या वाहनांतून केलेल्या चोरीस सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. चोरीचा माल जाणून-बुजून घेणाराहि सुटत नाहीं. मनूच्या यादींत निक्षेपानंतर लागलीच अस्वामिविक्रय, म्हणजे मालक नसलेल्यानें केलेली विक्री, हें पद येतें. जुन्या बाजारांत निम्म्या किंमतींत सायकल मिळाली म्हणून आनंद मानणाऱ्या गृहस्थांनीं तें पद जरूर पाहावें.

परंतु फिर्यादींत "काळी सायकल" एवढेंच लिहून कांहीं साधत नाहीं. सांगाड्यावर ठोकलेला नंबर लागतो. तो सीटखालच्या नळीवर किंवा सायकल उलटी केली असतां पायडलांच्या आंसाखालीं सांपडतो. तो आजच उतरून घ्यावा, त्याचें व सबंध सायकलीचें छायाचित्र काढावें, आणि खरेदीची पावती त्याबरोबर ठेवावी. आमच्या वडिलांनीं हें घरखर्चाच्या वहींत केलें होतें. ते १९९१ सालीं वारले. दिवस झाल्यावर त्यांच्या वह्या आवरतांना तें पान माझ्या हातीं आलें. वर १९५२ ची खरेदी, किंमत, नंबर. खालीं निराळ्या शाईनें, १९८० ची तारीख आणि तीन लहान वाक्यें: "सायकल गेली. सामानाचें तिकीट घेतलें नव्हतें. त्यास बोलूं नये." अकरा वर्षें आम्ही एका पंक्तीस जेवलों, सणावारीं, लग्नकार्यांत बसलों-उठलों, त्यांनीं तो विषय काढला नाहीं, आणि मीं तर कधींच काढला नाहीं. घरांतहि ही गोष्ट गेल्या महिन्यापर्यंत कोणास ठाऊक नव्हती. नातीचा पक्ष मीं कां घेतला हें सांगतांना ती प्रथमच सर्वांदेखत सांगितली. थोरल्या बंधूंनीं पुढें वादाचा शब्द काढला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दाभण व सुतळी घेऊन ओसरीवर गोणपाट शिवावयास तेच बसले.

सायकल नागपुरास सुखरूप पोंचली. नातीनें खणाचें दार उघडेपर्यंत फलाटावर उभें राहून ती उतरवून घेतली आणि पावतीचें छायाचित्र प्रथम मला पाठविलें. सीट तिच्या पिशवींत होती, पायडलें होतीं, दिवा होता. घंटा मात्र मिळेना. ती मीं स्वतः काढून माझ्या कोटाच्या खिशांत ठेविली होती आणि द्यावयाची विसरलों होतों. तूर्त ती माझ्या मेजावर आहे, आणि घरांतील सर्वांत धाकटें पोर येतां-जातां ती वाजवितें. ह्या आठवड्यांत तिचें पुडकें करून पोस्टांत देणार आहें, पावती घेऊनच.